पोर्ट २२ वरच्या दरवानास अनावृत पत्र

प्रति,
मा. एसएसएचडी साहेब,
मु. पोर्ट २२, लिनक्स सर्व्हर, क्लाउड

सा. न. वि. वि.

आपल्या कर्तव्यकठोरपणाबद्दल तमाम सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या वतीने अभिनंदन! वेबसाइट झोपलेली, ग्राहक खवळलेले, खुद्द मालक दाराशी उभा. आणि आपण ‘परमिशन डिनाइड’ म्हणून मोकळे. सविस्तर कारण आपण लॉगमध्ये इमानेइतबारे नोंदवता. लॉग मात्र आत!

आपला बाणाही जुनाच. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले, म्हणून तातू युलेनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं. तेव्हापासून संशय हा आपल्या घराण्याचा कुलाचार. कोणी घाईघाईत होम डिरेक्टरीला ७७७ परवानगी दिली, की खरी किल्लीही आपण नाकारता. कॉन्फिग फाइलमध्ये एखादा शब्द चुकला, तर रीस्टार्टनंतर आपण उठतच नाही. फायरवॉल लावताना कोणी २२ उघडा ठेवायला विसरला, तर हाकच आपल्या कानी पोचत नाही. तिथे आपण निर्दोष.

सिरियल कन्सोलकडे दाद मागावी, तर तिथे पासवर्ड विचारतात. तो सुरक्षिततेच्या नावाखाली कुणी ठेवलेलाच नसतो.

मग आम्ही काय करतो, ऐका. सर्व्हर बंद करतो, रूट डिस्कचा स्नॅपशॉट घेतो, डिस्क काढून त्याच झोनमधल्या दुसऱ्या सर्व्हरला जोडतो, माउंट करतो, चुकलेली ओळ सुधारतो आणि डिस्क मूळ नावाने जागेवर बसवतो. या सगळ्यात आपल्याला कोणी विचारतसुद्धा नाही. म्हणजे क्लाउड खात्याचा पासवर्ड ज्याच्या हाती, त्याला आपली किल्ली लागतच नाही. आपण दारावर करडी नजर ठेवून असता आणि मागून अख्खी डिस्क जाऊन येते!

तेव्हा आपली शिस्त सैल करा, अशी आमची मागणी नाही. विनंती आहे ती आमच्याच बांधवांना. रीस्टार्टआधी ‘एसएसएचडी -टी’ चालवून कॉन्फिग तपासा. चालू सेशन बंद करण्याआधी दुसऱ्या विंडोतून लॉगिन होतंय ना, ते पाहा. आणि क्लाउड खात्याला टू-फॅक्टर आजच लावा. खरं दार तेच आहे.

कळावे, लोभ नसला तरी लॉगिन असावे.

आपला,
एक बाहेर राहिलेला रूट