उंबरठ्याच्या आत

महाराष्ट्रात दारू प्यायची तर परवाना लागतो. आजही लागतो. कायदा १९४९ चा, नाव दारूबंदीचे, आणि परवान्यावर पिण्याचे कारण छापलेले: आरोग्य राखण्यासाठी.

तुमच्या ओळखीतल्या किती जणांकडे तो आहे?

२५ वर्षांखालच्याला विदेशी मद्य विकायचे नाही, असाही नियम आहे. कॉलेजच्या मागच्या गल्लीत हा नियम कुणाला माहीत नाही. आणि ज्या कायद्याच्या नावात बंदी आहे, त्याच कायद्याखाली राज्याच्या तिजोरीत दरवर्षी हजारो कोटी रुपये जमा होतात. बंदीही सरकारची, कमाईही सरकारची.

मला इथे काळजी दारूची नाही, कायद्याची आहे. जो कायदा सगळेच मोडतात आणि मोडताना कुणाला काही वाटत नाही, तो जाताना दुसऱ्या दहा कायद्यांचा धाक घेऊन जातो. सिग्नल तोडणाऱ्या पोराने ते कुठून उचलले, हे वेगळे शोधायला नको.

गुटख्याचेच बघा. २०१२ साली राज्यात बंदी आली. तेव्हापासून दरवर्षी नवा आदेश निघतो. पुडी पूर्वी टपरीवर माळेसारखी लटकायची, आता फळीखालून येते आणि जास्त पैशांना येते.

बंदी आली म्हणून बापाने काय केले? पोराला पाठवून पुडी मागवायचे तरी थांबवले का? पोर पुढे स्वतःच खायला लागले, की तोच बाप विचारतो, सरकार काय करतंय?

मी जुन्या मताचा माणूस आहे. सरकारने थोडीच कामे घ्यावीत आणि ती खणखणीत करावीत. बाकीचे माझ्यावर सोडावे. चुकलो तर माझी चूक माझ्याच पदरात टाकावी. एवढे म्हटले तरी लोक 'उजवा' म्हणून बाजूला सरकतात. सरकू देत.

राजाजींनी १९५९ मध्ये 'स्वतंत्र' नावाचा पक्ष काढला तो याच मुद्द्यावर. परमिट-लायसन्स राज हा शब्द त्यांनीच रूढ केला. मुंबईचे महापौर राहिलेले मिनू मसानी त्यांच्या सोबत होते. १९६७ च्या निवडणुकीत या पक्षाचे ४४ खासदार आले, लोकसभेतला सर्वात मोठा विरोधी पक्ष झाला. पुढे काही वर्षांत पक्ष संपला.

परवाने राहिले.

पण आधी आमच्याच मंडळींना दोन शब्द. सरकार घरात घुसते, सरकार कर खाते, म्हणून सोसायटीच्या सभेत सर्वात मोठ्याने कोण बोलतो? ज्याने गॅलरी बंद करून खोली केली, तो. त्याला सरकारचा हस्तक्षेप नको असतो, आणि दर काही वर्षांनी निघणारा नियमितीकरणाचा निर्णय मात्र हवा असतो.

३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामे दंड भरून नियमित करण्याचा मार्ग राज्याने मोकळा केला. गुंठेवारीची मुदत सरकत सरकत २०२० च्या अखेरीपर्यंत आली. झोपडीच्या पात्रतेची तारीख १९९५ होती, मग २००० झाली, मग २०११.

ज्याने सामासिक अंतर सोडले, नकाशा मंजूर होईपर्यंत वाट पाहिली, भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावरच राहायला गेला, त्याने काय मिळवले? दोन वर्षांचे जादा भाडे. कायदा पाळणाऱ्यावर सरकारने लावलेला हा दंडच आहे, फक्त त्याची पावती मिळत नाही.

हीच गोष्ट गावात, पीककर्जात. २०१७ च्या कर्जमाफीत थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत माफी होती. नियमित फेडणाऱ्याला प्रोत्साहन म्हणून जास्तीत जास्त २५ हजार. २०१९ च्या योजनेत थकबाकीदाराला दोन लाखांपर्यंत. फेडणाऱ्याला ५० हजारांपर्यंतचा शब्द, आणि तो पैसा खात्यात यायला २०२२ उजाडले.

ज्याने बायकोची पाटली मोडून सोसायटीचे कर्ज भरले, त्याला पारावर मूर्ख ठरवले गेले. आणि पुढच्या वेळी तो भरेल, अशी अपेक्षा करायची?

थांबा. शेतकऱ्याला जबाबदारी शिकवणारे शहरी शहाणे इथे टाळ्या वाजवायला लागतील. त्यांनी जरा लासलगावच्या कांदा बाजारात जाऊन यावे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. नवा लाल कांदा बाजार समितीत यायला लागलेला, आणि भाव एका रात्रीत बसला. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तेव्हाही टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क होतेच. शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ लागला.

बियाणे त्याचे, पाणी त्याचे, रात्रीची वीज असल्याने जागरण त्याचे. भाव ठरवायची वेळ आली की दिल्ली.

अशा माणसाला 'कर्ज तू घेतलेस, तूच फेड' म्हणायचा अधिकार सरकारला कुठून आला? आधी त्याचे हात बांधले, मग पोहता का येत नाही म्हणून विचारले. माफी ही त्या बांधलेल्या हातांवर ठेवलेली चिल्लर आहे. ती घेताना त्याची मान खाली जाते, आणि देणाऱ्याचा फोटो फ्लेक्सवर चढतो.

हे सगळे शरद जोशींनी १९८० च्या आसपास चाकणच्या कांद्यापासून सांगायला सुरुवात केली. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून आलेला, आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतलेला हा माणूस. भीक नको, हवे घामाचे दाम. चार-पाच शब्दांत स्वातंत्र्यही आले आणि जबाबदारीही. सरकारकडे त्यांचे पहिले मागणे एकच होते: आमच्या वाटेतून बाजूला व्हा.

सभांना लाखो आले. मतपेटीत मात्र माफीच जिंकत राहिली. याचे मला आजही वाईट वाटते.

आता पुन्हा बाटलीकडे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया २०१० मध्ये चिमूरहून चालत नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या. दारू बंद करा. मागणी खरी होती. नवऱ्याची मजुरी आणि घरातली भांडी कुठे जातात, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली.

२०२१ मध्ये ती उठली. अवैध दारू वाढली, बाया आणि पोरे त्या धंद्यात ओढली गेली, अशी कारणे सरकारनेच दिली.

जिल्ह्याची बंदी राखायला जिल्हाभर पोलीस लागतात. गावाची बंदी राखायला काय लागते?

त्याचे उत्तर याच राज्यात आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, की दारूच्या दुकानावर मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन बाटल्या. एक उभी, एक आडवी. ठरलेल्या प्रमाणात मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद.

या मतदानाला बाया सण असल्यासारख्या नटून येतात. म्हाताऱ्या सासूला सून हाताला धरून आणते. दुकानदाराला निकाल कळतो तेव्हा तो कुणी लावला हेही कळते: समोरच्या घरातल्या वहिनीने, वरच्या आळीतल्या काकूंनी. इन्स्पेक्टर बदलून जातो. काकू कुठे जाणार?

म्हणून ही बंदी टिकायची शक्यता जास्त. पिणारा पुढच्या गावाला जाऊन पितो, हे खरे. पण परत येताना त्याला त्याच आळीतून यावे लागते.

हिवरे बाजारनेही असाच आपला नियम आपणच केला. नगर तालुक्यातले दुष्काळी गाव. ग्रामसभेने ठरवले, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची. हाच नियम मुंबईहून जीआर म्हणून निघाला असता तर? आठ दिवसांत बोअरच्या गाड्या रात्री फिरल्या असत्या.

तिकडे गडचिरोलीत मेंढा-लेखा म्हणते, दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. शाळेतल्या नागरिकशास्त्राला जे वर्षभरात सांगता आले नाही, ते एका घोषणेत आले.

शहरात मात्र आपण चौकातच सापडतो. हेल्मेट कोपरात अडकवलेले. पांढरा गणवेश दिसला की डोक्यावर, चौक गेला की पुन्हा कोपरात. पुण्यात तर हेल्मेटसक्तीला विरोध हा नागरी बाण्याचा भाग आहे.

सक्ती मलाही आवडत नाही. पण डोके कुणाचे आहे?

२०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून अधिक लोक रस्त्यावर मेले. माझे डोके, माझी मर्जी, म्हणणाऱ्याने पुढचेही बोलावे. ससून रुग्णालयातल्या खाटेचा खर्च कुणाचा? सहा महिने उशाशी बसणाऱ्या आईच्या रजेचा पगार कुणाचा? स्वातंत्र्य घ्यायचे आणि बिल दुसऱ्याकडे पाठवायचे, याला माझ्या लहानपणी उनाडकी म्हणत.

जबाबदारीची भाषा जिथे चालत नाही, अशी एक जागा आहे. तिच्याबद्दल बोललो नाही तर मी अप्रामाणिक ठरेन.

संमतीवयाचे बिल, १८९१. मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ करायचे होते. टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारला आमच्या घरात कायदा करू देऊ नका. सुधारकांना एवढी कळकळ आहे तर त्यांनीच आधी स्वतःला बांधून घ्यावे, आपल्या मुलींची लग्ने सोळाच्या आत करणार नाही म्हणून सही करावी. सरकार नको, स्वतःची शपथ हवी. माझ्या मताच्या माणसाला याहून गोड काय वाटणार?

आणि तरीही टिळक चुकले, बिलाच्या बाजूने उभे राहिलेले आगरकर बरोबर होते.

बंगालमधली फुलमणी दासी दहा-अकरा वर्षांची होती. नवऱ्याच्या हातून मेली. तिने कुठली शपथ घ्यायची होती? आपली जबाबदारी तिने कशी पेलायची होती? जो स्वतःसाठी उभा राहू शकत नाही, त्याच्यासाठी सरकारने उंबरठा ओलांडलाच पाहिजे. लाथ मारून ओलांडला पाहिजे.

पण कायदा करून आपण काय साधले? आज मुलीच्या लग्नाचे वय १८ आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने १८ च्या आत झालेली निघाली. मांडवात भटजी होते, सरपंच होते, मामा होता. जेवणाची पंगत होती. पोलिसाला फोन करायला एकही हात मोकळा नव्हता?

सरकार उंबरठ्यापर्यंत पोचते. आत आपणच असतो.

शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती सुरू केली तेव्हा कुठला कायदा मागितला नाही. शेतकऱ्यालाच सांगितले, तुझ्या शेतात राबणाऱ्या बायकोच्या नावावर थोडी जमीन करून दे. गावोगावी लोकांनी करून दिली. कुणी सक्ती केली नव्हती. तलाठ्याकडे गेलेला तो नवरा मला कुठल्याही मंत्र्यापेक्षा मोठा वाटतो.

त्यानंतर कायदाही आला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा: महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. कायदा चांगला आहे. मी त्याच्या बाजूचा आहे.

आता कुठल्याही तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दिवाळीनंतर जाऊन बसा. बाकावर बहीण बसलेली असते, सासरहून पहाटेच्या एसटीने आलेली. मांडीवर पिशवी, पिशवीत वहिनीने दिलेले ब्लाउजपीस. समोर हक्कसोडपत्र. मजकूर सांगतो की ती स्वखुशीने सही करते आहे.

तिने पेन आणलेले नसते. भाऊ खिशातले काढून देतो.