औंढा तालुक्यातला दर्यावर्दी

हिंगोलीच्या माणसाला समुद्र बघायचा तर निम्म्याहून जास्त महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. त्यामुळे छोट्या बोटीतून दक्षिणेच्या उबदार समुद्रात महिनोन्‌महिने भटकणाऱ्या गोऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ मी रात्री बघतो, तेव्हा घरात कुणाला काळजी वाटत नाही. "अहो, झोपा आता, उद्या नळ आहे," एवढंच ऐकायला मिळतं.

पण उबदार पाणी, दक्षिण दिशा आणि छोटी बोट एवढ्याच अटी असतील, तर त्या आमच्या जिल्ह्यातच पुऱ्या होतात. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर. दोन्ही धरणं १९६८ साली पुरी झालेली. मे महिन्यात पारा ४२ च्या आसपास, म्हणजे उबेची हमी. दिशेचं म्हणाल, तर पूर्णा गोदावरीला मिळते, गोदावरी नांदेडवरून तेलंगणात शिरते आणि राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागराला जाते. सिद्धेश्वरच्या पाण्यात बसलेला माणूस तत्त्वतः समुद्राच्या वाटेवरच असतो. मध्ये धरणाचे दरवाजे येतात, पण ते पाटबंधारेवाल्यांनी बघावं.

बोट म्हणजे मासे धरणाऱ्या एका मामांची होडी. व्हिडिओतल्या बोटीत झोपायला केबिन, रांधायला ओटा आणि शौचालय असतं. इथे पहिल्या दोन गोष्टींसाठी एकच फळी होती आणि तिसरीसाठी काठ.

सागरी भटक्यांचा निम्मा दिवस डागडुजीत जातो म्हणतात. आमचा सगळाच गेला. तळाच्या भोकात मामांनी डांबरात भिजवलेली चिंधी ठोकली होती. तिला न जुमानता आत येणारं पाणी कापलेल्या तेलाच्या डब्याने उपसण्याचं खातं माझ्याकडे.

"सर, गप्पा चालू द्या, पण हात बी चालू द्या."

मी त्यांना नौदलाच्या दिलीप दोंदेंची गोष्ट सांगितली. ऑगस्ट २००९ मध्ये ते 'म्हादेई' नावाची शिडाची बोट घेऊन मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीला वळसा घालून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. बोट गोव्यात बांधलेली आणि नाव तिथल्या नदीचं, तेव्हा नदीवाल्यांनी न्यूनगंड बाळगायचं कारण नाही.

मामांनी वल्हं थांबवलं. "एकटेच? मग पाणी कोण उपसायचं?"

संध्याकाळी टाकलेली जाळी पहाटे उचलायची असतात. कटला, रोहू मिळतात. यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, जलाशयात सोडून वाढवलेली असतात. पण माशांच्या आधी जाळ्यात येतात ते बुडालेल्या बाभळीचे खुंट. एका खुंटाशी मामा बराच वेळ बोलत होते. त्यातलं छापण्याजोगं काहीच नव्हतं.

भाकरी आणि ठेचा होडीतच खाल्ला. मोठ्या बोटींवर शेगडी झुलती असते, लाट आली तरी भांडं सरळ राहावं म्हणून. आमच्याकडे तशी सोय नसल्याने ठेचा माझ्या पांढऱ्या शर्टावर आला. वारं सुटलं होतं, होडी डुलायला लागली होती, आणि मी फळी दोन्ही हातांनी धरली होती.

"तुम्ही हलले नाही तर ती बी हलत नाही, सर."

मी हललो नाही. ती हललीच.

काठाला लागताना मामांनी दाखवलं: पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, काकड्या आणि टरबुजं लागतात. पॅसिफिकला हे अजून जमलेलं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर पहाटे जा आणि वारं सुटायच्या आत परत या. गडद रंगाचा शर्ट घाला. लाइफ जॅकेट मात्र घरूनच न्या. त्या होडीत जाळ्यांना तरंगायला रिकाम्या बाटल्या बांधल्या होत्या, माणसांसाठी काही नव्हतं.