विन्यु वेर्द पिताना गंभीर राहण्याची शास्त्रोक्त पद्धत

वाइनचा रीतसर कोर्स केलेला, ग्लास दांडीला धरून गरगरा फिरवणारा आणि घोट गिळण्याआधी छताकडे बघणारा साधक पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात, मिन्यु प्रांतात पोचला की त्याची पंचाईत होते. इथली विन्यु वेर्द ही वाइन हलकी, आंबटसर, थंडगार आणि जिभेवर जराशी चुरचुरणारी. तिच्यापुढे चेहरा लांब करून बसणं फार अवघड. तरीही आब राखायचाच असेल तर पुढील विधी पाळावा.

आधी गोव्यात प्यालेली गोडमिट्ट ‘पोर्ट वाइन’ मनातून काढून टाकावी. त्या ओळखीवर पोर्तुगालात कुणी उभं करत नाही. खरी पोर्ट दोरु नदीच्या खोऱ्यातली, 20 टक्क्यांच्या आसपास मद्यार्काची. ती घेतल्यावर माणूस आपोआप गंभीर होतो. विन्यु वेर्दच्या साध्या बाटलीत मद्यार्क असतो 9 ते 11 टक्के. दुपारी जेवताना दोन ग्लास झाले तरी संध्याकाळची कामं होतात. जाणकारांना खुपतं ते नेमकं हेच.

बाटली आली की भुवई उंचावून साल विचारावं. पुष्कळ बाटल्यांवर ते छापलेलंच नसतं. ही वाइन वर्षा-दोन वर्षांत पिऊन संपवायची. तळघरात नातवासाठी ठेवली तर नातू शिव्या देईल. अगदी अडलंच तर 1908 म्हणावं. त्या साली या प्रदेशाची हद्द कायद्यानं आखली गेली. वेटरचं समाधान होणार नाही, पण आपलं होईल.

मग जमिनीविषयी बोलावं. इथं खाली ग्रॅनाइट आणि वरून अटलांटिकचा पाऊस. ‘खनिजांची चव’ हे शब्द दोन-तीनदा वापरायला हरकत नाही. मात्र जुन्या पद्धतीचा मळा बघायला गेल्यास साधकाने मान खाली घालून माती न्याहाळू नये, वर बघावं. वेल झाडांवर चढवलेले किंवा ग्रॅनाइटच्या खांबांवर मांडवासारखे पसरलेले असतात आणि खाली मका नाहीतर कोबीवर्गातली भाजी उभी असते. शेत टीचभर. मग त्यातच घरच्या भाकरीची आणि घरच्या दारूची सोय लावायची, तर द्राक्षांनी वर जाणं आलंच. तोडणीला शिडी लागते. (हल्ली नव्या मळ्यांत तारांवरच्या बुटक्या वेली दिसतात. काम सोपं झालं, फोटो गेला.)

बुडबुडे कुठून आले हे मात्र चुकूनही विचारू नये. पूर्वी वाइन लवकर बाटलीत भरत. आत तिच्यातल्या मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल होताना वायू सुटे, वाइन गढूळ होई आणि चुरचुरे. आता बहुतेक साध्या बाटल्यांत तो वायू भरतानाच घालतात. हे कळल्यावर काही साधक दुखावतात. त्यांनी सोडा पिताना कधी असा विचार केला होता का, हे स्वतःला विचारावं.

खरी परीक्षा तांबड्या विन्यु वेर्दची. विन्यांव जातीच्या द्राक्षाची ही वाइन जवळजवळ शाईच्या रंगाची आणि दात आंबवणारी असते. गावाकडच्या खाणावळीत ती पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात मिळते. वाडगा हलवायचा आणि कडेला जांभळा रंग कसा चढतो ते बघायचं, रंगपरीक्षा तेवढीच. इथं दांडी नाही, त्यामुळे बोटं कुठं ठेवावी हे साधकाला उमगत नाही. दोन्ही हातांनी धरावा. सोबत तेलकट, चमचमीत काहीतरी हवंच, नाहीतर ती आंबट वाटते आणि साधक तिला नावं ठेवून मोकळा होतो. पांढरीबरोबर निखाऱ्यावर भाजलेले सार्डिन मागवावेत. मासा बोटांनी सोलायचा, वर मिठाचे जाड खडे. तेलकट हातांनी टिपणवही उघडता येत नाही, ही त्यातली सोय.

एवढ्या साधनेनंतर मोन्सांव आणि मेल्गासुकडे जावं. स्पेनच्या सीमेवरच्या या भागातली अल्वारिन्यु द्राक्षाची वाइन अंगानं भरलेली असते, मद्यार्क 12-13 टक्क्यांपर्यंत जातो आणि चांगली बाटली काही वर्षं टिकते. इथं साल छापलेलं असतं. साधकाचे डोळे भरून येतील. ग्लास फिरवू द्यावा, छताकडेही बघू द्यावं. फक्त एक पथ्य: सीमेवरच्या नदीपलीकडे स्पेनच्या गॅलिसियातही हेच द्राक्ष पिकतं आणि तिकडची माणसं ते आपलंच मानतात. हा विषय मोन्सांवच्या टेबलावर काढायचाच असेल तर आधी जेवण उरकून बिल चुकतं करावं.