काठावरचा मिस्त्री

काठावरचा मिस्त्री भंडारा जिल्ह्यात बाराही महिने असतो, पण नजरेस पडतो तो पावसाळ्याच्या तोंडाशी. पूरबचावाच्या सरावासाठी वैनगंगेत रबरी बोट उतरते, तिच्या मागच्या फळीला पेट्रोलचे इंजिन अडकवले जाते आणि ते इंजिन सुरू होत नाही. तिसऱ्यांदा दोर ओढल्याचा आवाज विरतो न विरतो तोच मिस्त्री काठावर हजर असतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. कारध्याच्या पुलावरून पूर पाहणारा आणि गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले की पवनीकडे गाडी काढणारा तोच. फक्त त्या दिवशी तो पाटबंधाऱ्याचा जाणकार असतो.

त्याची ओळख पटायला खर्रा पुरतो. पन्नीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा तळहातांत घोटत तो इंजिनाकडे एकटक पाहतो. घोटून होईपर्यंत बोलायचे नाही हा त्याचा नेम, आणि तोबरा भरल्यावर बोलता येत नाही हा शरीराचा. मधल्या अर्ध्या मिनिटात निदान उरकावे लागते. म्हणून ते नेहमी छोटे आणि ठाम असते: "एअर धरला हाये गा भाऊ, काढा लागते."

हे निदान हवेतून आलेले नाही. त्याचे शिक्षण धानाच्या बांधीत, डिझेलच्या ऑइल इंजिनावर झाले आहे. डिझेलच्या नळीत हवा शिरली की पंपाला दाब मिळत नाही आणि इंजिन ढिम्म राहते. मग स्क्रू सैल करायचा, बुडबुडे संपून सलग धार येईपर्यंत थांबायचे, स्क्रू आवळायचा आणि दोघांनी हॅण्डल मारायचे. ऐन रोवणीत, मध्यरात्री, बॅटरी दातांत धरून ज्याने हे केले आहे, त्याच्यापुढे पुस्तकी ज्ञानाने गप्प बसावे हे योग्यच. अडचण इतकीच, की समोरचे इंजिन पेट्रोलचे असते. त्यात पेट्रोल पेटवायला प्लगची ठिणगी लागते आणि नळीतली हवा काढायला नळीवरचा रबरी फुगा चार-सहा वेळा दाबून कडक केला की काम भागते. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. मिस्त्री फुगा दाबतो, पण तो भोंगा असल्यासारखा, एकदाच.

बोटीच्या मागे अडकवायचे असे इंजिन बाजारात रुजवणारा ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला अमेरिकन. तळ्यापलीकडून वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळले आणि त्याला इंजिन सुचले, असे सांगतात. १९०९मध्ये ते विक्रीला आले. त्या तळ्याच्या काठावर मिस्त्री नसावा. असता तर त्याने आइस्क्रीमलाच एअर धरल्याचे सांगितले असते.

बंद इंजिन तपासायची रीत अगदी साधी, म्हणूनच मिस्त्रीला कमीपणाची वाटणारी आहे. गिअर न्यूट्रलला आहे का? चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायच्या लाल दोरीची क्लिप आपल्या जागी बसली आहे का? ती नसेल तर कोणी कितीही दोर ओढला तरी ठिणगी पडत नाही, कारण माणूस पाण्यात पडला की इंजिन थांबावे यासाठीच ती असते. मग टाकीत पेट्रोल किती आणि कधीचे. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढते. गेल्या हंगामातले पेट्रोल टाकीत राहिले असेल तर पाणी तळाशी बसते आणि इंजिन तळातूनच पिते. टू-स्ट्रोक इंजिनात लिटरला साधारण २० मिलिलिटर ऑइल मिसळतात. मिस्त्रीच्या हाती बाटली गेली तर हे माप दुप्पट होते, कारण ऑइल म्हणजे त्याच्या लेखी तूप. जास्त पडले तर बाधत नाही. प्लगला मात्र बाधते. तो काळा, ओला होऊन बसतो.

मिस्त्रीचा क्रम वेगळा आहे. जे सुटते ते आधी सोडायचे. प्लग सहज सुटतो, म्हणून रोगही प्लगातच असतो. तो काढून दुपट्ट्याला पुसला जातो, त्यावर फुंकर बसते, आणि तो हातोहात फिरतो. प्रत्येक जण तो डोळ्याजवळ नेऊन मान हलवतो. एवढ्यात दुसरा मिस्त्री येतो. त्याचे शिक्षण मोटारसायकलवर झालेले असल्याने त्याच्या मते "कार्बोरेटरमंदी कचरा आला." दोघांचे पटत नाही, मात्र चोक पूर्ण ओढून आणखी दहा वेळा दोर ओढावा यावर एकमत होते. आता इंजिन ओव्हर होते, म्हणजे पेट्रोल इतके साचते की ठिणगी असली तरी पेटणार नाही. पेट्रोलचा वास सुटतो आणि तिसरा जाणकार विडी पेटवायला काडी काढतो. त्याला हाकलणे हे त्या दुपारचे दोन्ही मिस्त्रींनी मिळून केलेले एकमेव निर्विवाद काम.

या सगळ्यात एखादा ढिवर आपला डोंगा बांबूने रेटत शेजारून जातो. तो थांबत नाही, बोलत नाही. मिस्त्रीला त्याचा राग येतो.

शेवटी बोटवाला जाकिटाचा पट्टा आवळू लागतो आणि लाल दोरी आपल्या मनगटावर, पण क्लिप हवेत लोंबते आहे, असे त्याला दिसते. तो काही न बोलता ती बसवतो, चोक आत ढकलतो, थ्रॉटल उघडतो. दुसऱ्या ओढीला निळा धूर निघून इंजिन सुरू होते. याच सुमारास मिस्त्रीने पुसलेला प्लग परत बसवलेला असतो, त्यामुळे श्रेयाचा प्रश्न काठापुरता सुटतो.

बोट निघते. मधल्या धारेत पोचेतो इंजिन गुदमरल्यासारखे करून बंद पडते. काठावरून "एअर! एअर!" अशी आरोळी उठते, पण वाऱ्यामुळे ती बोटीत पोचत नाही. तिथल्या शांततेत बोटवाल्याला फुगा चपटा झालेला दिसतो. टाकीच्या झाकणावरचा बारीक स्क्रू आवळलेलाच राहिलेला असतो. पेट्रोल बाहेर जाते, त्याच्या जागी हवा आत येत नाही, पोकळी होते आणि इंजिनाचा घोट तुटतो. तो स्क्रू सैल करतो, टाकी सुस्कारा टाकते, इंजिन पुन्हा धडधडू लागते.

फेरी मारून बोट काठाला लागल्यावर काय बिघडले होते, असे मिस्त्री विचारतो. झाकणातून हवा जात नव्हती, असे बोटवाला सांगतो. मिस्त्री दुसऱ्या मिस्त्रीकडे वळतो, भरलेला तोबरा बोलता यावे म्हणून मोठ्या कष्टाने थुंकून टाकतो आणि म्हणतो, "मनलो होतो ना, एअरच होता!"