‘गाढवा’ परवडलं, बाबा

लेस्टर, इंग्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,


इंग्रजांना रागावता येत नाही, हे तुमचं मत फोनवर इतक्यांदा ऐकलं आहे की बाबा, आता लेखी उत्तर देणं भाग आहे. तुमचा मुद्दा असा, की जो माणूस ‘मी जरा डिसअपॉइंटेड आहे’ म्हणतो तो रागावलेला नाही, त्याला फार तर चहा मिळालेला नाही. आपल्याकडे कार्ट्या, गाढवा, मेल्या, शिंच्या अशी चढती भाजणी असते आणि आपण नेमके कुठल्या पायरीवर आहोत ते ऐकणाऱ्याला कळतं. इथल्या शाळेचं किंवा ऑफिसचं रागाचं पत्र वाचावं तर ते सत्यनारायणाचं आमंत्रण वाटतं. एवढं सगळं मान्य. पण शब्द सौम्य म्हणजे रागही सौम्य, हा तुमचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. आमचं म्हणणं असं, की जिथे जड शब्द वापरायची सोयच ठेवलेली नसते तिथे सगळा भार हलक्या शब्दांवर येऊन पडतो, आणि मग ते हलके राहत नाहीत.

चोख पुरावा खुद्द पार्लमेंटात मिळतो. हाउस ऑफ कॉमन्समध्ये एका खासदाराने दुसऱ्याला खोटारडा म्हणायचं नाही, असा दंडक आहे. खोटं बोललेलं चालतं का, हा वेगळा प्रश्न. खोटं बोललास असं म्हटलेलं चालत नाही. जुलै 2021 मध्ये डॉन बटलर या खासदारबाईंनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन खोटं बोलले असं सरळ सांगितलं, शब्द मागे घेतले नाहीत, आणि त्या दिवसापुरतं त्यांनाच सभागृहाबाहेर जावं लागलं. 2016 मध्ये डेनिस स्किनर यांनी डेव्हिड कॅमरन यांना ‘डॉजी डेव्ह’ म्हटलं, आपल्या भाषेत ‘लफडेबाज डेव्ह’. त्यांचीही तीच गत झाली. मग आरोप थांबले का? छे, ते फक्त कोट-टाय घालून येऊ लागले. चर्चिल 1906 साली ‘टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड’ असं काहीतरी बोलून गेले, आणि पारिभाषिक अचूकतेचा हा अभाव तेव्हापासून खोटेपणाचं सभ्य नाव होऊन बसला. 1986 साली कॅबिनेट सेक्रेटरी सर रॉबर्ट आर्मस्ट्राँग सिडनीच्या कोर्टात सत्याच्या बाबतीत ‘इकॉनॉमिकल’ असण्याबद्दल बोलले. झालं! आता इथे कुणाला सत्याच्या बाबतीत काटकसरी म्हटलं की ऐकणाऱ्याला खोटारडाच ऐकू येतं. बंदी शब्दावर घातली, अर्थ शेजारच्या शब्दात राहायला गेला.

पण आमचा आवडता पुरावा शाळांचा. इंग्लंडातल्या शाळांची तपासणी ऑफस्टेड नावाची सरकारी संस्था करते. आपल्या जुन्या दिपोटी साहेबांचा अवतार समजा. तिच्या चार शेऱ्यांत तिसरा होता ‘सॅटिस्फॅक्टरी’. आपल्या प्रगतिपुस्तकात ‘समाधानकारक’ आलं की पेढे वाटत नाहीत, पण मार तरी वाचतो. इथे चारांतला तिसरा म्हणजे काही खरं नाही, हे पालकांना बरोबर कळायचं. शेवटी ‘समाधानकारक’ शाळेबद्दल सरकारचंच समाधान होईना, म्हणून 2012 मध्ये त्या जागी ‘रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट’, सुधारणा आवश्यक, असा शेरा आला. त्याखालचा, सर्वांत तळाचा शेरा ‘इनॅडिक्वेट’. अपुरी, एवढंच. इथे थट्टा थोडी बाजूला ठेवते. जानेवारी 2023 मध्ये एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेनं आत्महत्या केली. तिच्या शाळेला हा शेरा मिळणार होता, आणि त्या तपासणीचा मृत्यूत वाटा होता असं कॉरोनरनं चौकशीअंती नोंदवलं. कुणी आरडाओरडा करण्याची गरज नव्हती. शब्दकोशात पाहिलं तर तो शब्द अगदी निरुपद्रवी आहे. सप्टेंबर 2024 पासून सरकारी शाळांना असा एका शब्दातला एकूण शेरा देणं बंद झालं. नोव्हेंबर 2025 पासून शाळांची नवी प्रगतिपत्रकं सुरू झाली, त्यांत आता ‘नीड्स अटेन्शन’ आहे, म्हणजे लक्ष देण्याची गरज. शब्द आणखी मऊ झाला. तो किती वर्षं मऊ राहतो यावर बाबा, तुम्ही म्हणाल ती पैज.

उलट्या दिशेचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलात खाता येणार नाहीत इतक्या नासक्या अंजिरांना ‘नॉटी’ म्हटलेलं आहे; दुष्ट माणसालाही तोच शब्द लागत असे. आज तो भिंतीवर खडूनं रेघोट्या ओढणाऱ्या पोराच्या वाट्याला आला आहे, आणि 2004 साली सुरू झालेल्या ‘सुपरनॅनी’ या टीव्ही कार्यक्रमानं तर ‘नॉटी स्टेप’ म्हणून घरोघरी जिन्याची एक पायरीच त्याच्या नावे करून दिली. ‘स्कोल्ड’, म्हणजे आज नुसतं रागावणं, हे तर एके काळी गुन्ह्याचं नाव होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी सतत भांडून शांतता मोडणारी बाई म्हणजे ‘कॉमन स्कोल्ड’, आणि शिक्षा म्हणजे तिला खुर्चीला बांधून पाण्यात बुचकळणं. (पुरुष भांडत तेव्हा बहुधा ती चर्चा असावी.) लेम्स्टर गावातली अशी एक खुर्ची 1809 मध्ये वापरली गेली होती, ती आजही तिथल्या प्रायरी चर्चमध्ये आहे, कायद्यातून हा गुन्हा निघायला मात्र 1967 उजाडलं. आई, आपल्या वाड्याच्या सार्वजनिक नळाला हा कायदा लागू असता तर पाणी भरायला कुणी उरलं नसतं. तोंडानं मोठ्यानं भांडण्याला शिक्षा आणि कागदावर हळू आवाजात भांडण्याला पगार, अशी वाटणी एकदा झाली की लोक कुठलं भांडण शिकतील हे सांगायला नको.

आता तुमचा पहिला आक्षेप येणार की हे ढोंग आहे. ढोंग म्हणायचं तर समोरच्याला फसवण्याचा हेतू हवा, आणि इथे फसत कुणी नाही. लिहिणाऱ्याला अर्थ माहीत, वाचणाऱ्याला माहीत. अडकतो तो फक्त बाहेरून आलेला माणूस, म्हणजे आपण. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर किंवा पबात जाऊन पाहा, हेच इंग्रज काय काय बोलतात, आणि यॉर्कशरचे लोक तर तोंडावर बोलण्याचा अभिमानच बाळगतात. बरोबर आहे, आणि त्यानं आमचीच बाजू बळकट होते. मैदानात जड शब्दांना मोकळीक आहे म्हणून तिथे ते हलके झाले. पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा माणूस सोमवारी ऑफिसात ‘हे फारसं हेल्पफुल नव्हतं’ असं लिहितो, आणि पंच सुखानं झोपतो, सहकारी झोपत नाही.

तिसरा आक्षेप पुण्याच्या मावशीचा असणार, की हे आम्हाला काय शिकवता, ‘आपण मोठे, आम्ही काय बोलणार’ असं म्हणून माणसाला जमिनीत गाडण्याची कला आमच्याकडे पिढीजात आहे. आहेच. म्हणूनच हा झगडा मराठी विरुद्ध इंग्रजी असा नाहीच, तो घर विरुद्ध कचेरी असा आहे. बाबा, तुम्ही अव्वल कारकून होतात. ‘तरी याबाबत आपला खुलासा तात्काळ सादर करावा’ या वाक्यात एकही वावगा शब्द नाही, पण ज्याच्या टेबलावर तो कागद पडला त्याला जेवण गेलं असेल का? शब्दाचं वजन शिडीतल्या त्याच्या जागेवर ठरतं, याचा दाखला तर तुमच्याच नियमांत आहे. 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांत ‘ठपका ठेवणे’, इंग्रजीत ‘सेन्शर’, ही किरकोळ शिक्षांच्या यादीतली पहिली पायरी. अमेरिकेच्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये तेच ‘सेन्शर’ हकालपट्टीच्या फक्त एक पायरी खाली. डिसेंबर 2010 मध्ये न्यूयॉर्कचे चार्ल्स रँगल ‘मला सेन्शर नको, रिप्रिमांड द्या’ अशी विनवणी करत होते. सभागृहानं 333 विरुद्ध 79 मतांनी सेन्शरच दिलं आणि त्यांना पुढे उभं करून ठराव वाचून दाखवला. हे दोन शब्द तुम्ही-आम्ही मराठीत आणायला गेलो तर दोन्हींसाठी ठपकाच आठवेल. तिथे त्यांच्यामध्ये एका माणसाची चाळीस वर्षांची अब्रू होती.

फरक उरतो तो एवढाच, की इथे कचेरीची भाषा घरात शिरली आहे. आई-वडील पोराला ‘ही काही गुड चॉइस नव्हती’ असं सांगतात, आणि चार वर्षांचं ते पोर मेमो मिळाल्यासारखं गप्प होतं. आपल्याकडे ‘मेल्या, पुन्हा करशील?’ ऐकून पोर हसत पळतं, कारण त्या मेल्यानंतर लाडू मिळणार हे त्याला पाठ असतं. आमच्या मते मुलाला दोन्ही भाषा यायला हव्यात, नाहीतर तो एक तर घाबरत राहील किंवा घाबरायचं तिथे हसेल. तेव्हा तुम्ही उन्हाळ्यात याल तेव्हा नातवाला घरात खुशाल गाढव म्हणा, आम्ही आड येणार नाही. फक्त शाळेच्या फाटकापाशी म्हणू नका. तिथे कुणी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही, उलट हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणतील. दोन दिवसांनी आम्हाला शाळेचं पत्र येईल, आणि त्यात त्यांना ‘थोडी काळजी वाटते’ असं लिहिलेलं असेल.

आईच्या गुडघ्यांना आराम पडला का ते कळवा. येताना गोडा मसाला आणावा.

तुमची,
वसुधा