लिफ्ट बंद, निविदा चालू

जुलै 2024 मध्ये तिरुवनंतपुरमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात पाठदुखी दाखवायला आलेला एक माणूस लिफ्टमध्ये शिरला आणि सुमारे 42 तासांनी बाहेर पडला. शनिवारी आत, सोमवारी सकाळी बाहेर. तेही लिफ्टचालक ड्युटीवर आला म्हणून. दोन लिफ्टचालक आणि एक ड्युटी सार्जंट निलंबित झाले. त्यांची चूक असेलच. पण त्याच आठवड्यात त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या लिफ्टमध्ये एक डॉक्टर आणि एक रुग्ण अडकले. कंत्राटाला कुणी निलंबित केल्याचं ऐकिवात नाही.

केरळला हसायचं कारण नाही. आपल्याकडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, इमारत सार्वजनिक बांधकामची, लिफ्ट त्यांच्या विद्युत शाखेची आणि परवाना ऊर्जा विभागाच्या विद्युत निरीक्षकाचा. 1939 चा लिफ्ट कायदा जाऊन 2017 चा नवा आला, त्यात सरकते जिनेही आले. एका लिफ्टला इतके मायबाप. रुग्ण तेवढा नातेवाइकांचा.

आता कंत्राट. वार्षिक देखभालीचे दोन प्रकार: सुट्या भागांसह आणि सुट्या भागांविना. दुसऱ्यात तेलपाणी, पुसणं आणि ‘पाहून जाणं’ एवढंच येतं. ते स्वस्त, म्हणून सरकारला प्रिय. मग दरवाजाचा सेन्सर जातो. कंत्राटदाराचा माणूस येतो, बघतो, ‘पार्ट गेलाय’ म्हणतो आणि जातो. कराराप्रमाणे त्याचं काम चोख झालं. पुढे सेन्सरचं अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग लेखाशीर्षात पैसे आहेत का याचा शोध. मार्चअखेर असेल तर नव्या आर्थिक वर्षाची वाट. सेन्सर हातात मावतो, फाइल दोन हातांनी धरावी लागते.

आणि निविदा कुणाला? जो सर्वांत ‘बिलो’ भरेल त्याला. अंदाजपत्रकी दरापेक्षा पंचवीस टक्के बिलो भरून माणूस नफा कशात काढणार? माणसांत. चोवीस तास तंत्रज्ञ हजर ठेवायची अट असते. तो तंत्रज्ञ एकाच वेळी चार इमारतींत हजर असतो. हा चमत्कार फक्त हजेरीपटावर घडतो. शिवाय आजकालच्या लिफ्टचा मेंदू म्हणजे कंट्रोलर. त्याच्या आत शिरायचं उपकरण आणि पासवर्ड बऱ्याचदा मूळ कंपनीकडेच. तिचा दर चढा, म्हणून काम दुसऱ्याला. हा दुसरा पॅनल उघडतो, पडद्यावरच्या एररचा फोटो काढतो, कुणाला तरी पाठवतो आणि पॅनल लावून टाकतो. शेवटी बोलावतात मूळ कंपनीलाच, तिच्याच दराने, ‘तातडीची बाब’ म्हणून. यालाच वित्तीय शिस्त म्हणतात.

दंडाचं कलम असतं की! पण दंडाला कमाल मर्यादा असते, बहुधा कंत्राटाच्या किमतीच्या 10 टक्के. ती गाठली की पुढचे दिवस लिफ्ट फुकटात बंद ठेवता येते. महागडी मोटर दुरुस्त करण्यापेक्षा दंड परवडत असेल तर कंत्राटदाराला लोभी कशाला म्हणायचं? त्याने करार वाचलाय, इतकंच. करार लिहिणाऱ्याने वाचला होता का, हा खरा प्रश्न.

भारतीय मानकात लिफ्टचा हिशेब माणशी 68 किलो धरतात. रुग्णखाटेची 26 माणसांची लिफ्ट म्हणजे 1768 किलो. लिफ्ट बंद पडली की हिशेब सोपा होतो: एक रुग्ण, एक चादर, चार नातेवाईक आणि पाचवा हातात सलाईनची बाटली उंच धरून उलटा जिना चढणारा. या सेवेला निविदा लागत नाही, बयाणा रक्कम लागत नाही, बिलही निघत नाही. शेजारची ‘फक्त डॉक्टर व कर्मचाऱ्यांसाठी’ लिफ्ट बहुतेक वेळा चालू असते, कारण ती बंद पडल्याची तक्रार करणाऱ्याच्या हातात लेटरहेड असतं.

उपाय नाहीत असं नाही. सुट्या भागांसह करार करा, पैसे लिफ्ट किती तास चालली त्यावर द्या, भेटी मोजू नका. नवी लिफ्ट घेतानाच पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा दर बांधून घ्या आणि कंट्रोलरचं कुलूप उघडून मागा. खासगी इस्पितळं मोटर जळायची वाट बघत बसत नाहीत. शस्त्रक्रियेचा रुग्ण अडकला तर त्यांचं बिल अडकतं.

पण हे सगळं फार तांत्रिक झालं. त्यापेक्षा पुढच्या निविदेत एकच अट घालावी: देखभालीच्या बिलावर ‘काम समाधानकारक’ अशी सही करणाऱ्या साहेबांचं कार्यालय त्याच रुग्णालयाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहील आणि जा-ये रुग्णांच्याच लिफ्टने होईल. खर्च काही नाही, लेखाशीर्ष नको, आणि यात कुणी बिलो तरी किती भरणार?