काय व्हत न्हाई

आष्टीत बांधकाम कुठंही निघू द्या, कड्याच्या रस्त्याला मंगल कार्यालय असो की यादीत एकदाचं नाव लागलेलं घरकुल असो, हा माणूस तिथं असतोच. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर. साइटवर तो मामा. हुद्दा वायरमन. परवाना कुणाच्या तरी नावावर आहे, कुणाच्या ते विचारायचं नसतं. कमरेला पक्कड, खिशात टेस्टर, पायात टाचेला झिजलेली स्लीपर आणि कुठल्याही शंकेला एकच उत्तर : "काय व्हत न्हाई."

त्याचा टेस्टर बघण्यासारखा असतो. त्यानं मामा स्क्रू पिळतो, रंगाचे डबे उघडतो, चहातली साखर ढवळतो आणि वेळ पडल्यास पाठ खाजवतो. वायरीत करंट आहे का, हे बघायला मात्र तो वापरत नाही. त्या कामाला उजव्या हाताच्या बोटांची उलटी बाजू आहे. "तळहात लावला तर मूठ आवळती आन् माणूस चिकटतो. उलटा हात लावायचा, झटक्यानं आपसूक मागं येतो," असं तो नव्या पोराला शिकवतो. यातलं शरीरशास्त्र बिनचूक आहे. विजेनं स्नायू आखडतात आणि हाताची मूठ वळते, म्हणजे माणूस कसा चिकटतो हे मामाला डॉक्टरइतकं कळतं. आधी मेन स्विच बंद करावा, एवढा एकच धडा त्यानं ऑप्शनला टाकलाय.

साइटचा बोर्ड हे त्याचं स्वतःचं शिल्प. प्लायवूडचा तुकडा, त्यावर दोन सॉकेट, एक बटण, मागं सगळं उघडं. थ्री-पिन टॉप ही वस्तू कंपन्यांनी गरिबाला लुटायला काढली, असं त्याचं ठाम मत आहे. वायरीची टोकं सोलायची, भोकात घालायची आणि काडेपेटीतल्या काड्या ठोकून घट्ट करायची. फेजला एक काडी, न्यूट्रलला एक. वरच्या मोठ्या भोकातही एक काडी जाते, पण तिच्यासोबत वायर नसते. ती आत गेली की खालच्या दोन भोकांची झापडं उघडतात, म्हणून ती. ज्या भोकावर माणसाचा जीव राखायचं काम सोपवलंय, त्याला मामानं दार धरून उभं राहायला लावलंय.

अर्थिंगवर त्याचं स्वतंत्र चिंतन आहे. नव्या ड्रिल मशीनला दोनच तारा येतात, हे त्याच्या कधीच लक्षात आलं. मशीनवर चौकोनात चौकोन काढलेला असतो. आत इन्सुलेशनचं दुहेरी कवच आहे, म्हणून तिसरी तार लागत नाही, असा त्या चौकोनाचा अर्थ. मामा तो कंपनीचा शिक्का समजतो. आणि त्यावरून काढलेलं अनुमान असं : "ड्रिलला लागत न्हाई, तर मिक्सरला कशापाई पाहिजे?" मिक्सर सगळा लोखंडाचा आहे ही बाब तो मनावर घेत नाही. कटरचं गार्डही त्यानं असंच मनावर न घेता काढलंय; मोठं पातं बसत नव्हतं.

त्याच्या शौर्यकथा ऐकायला जेवणाच्या सुट्टीत बसावं. झिणझिण्या आल्या तर तो करंट धरत नाही. हात झटकला गेला तर "जरासा लागला". शिडीवरून खाली आला तर "त्या दिशी मात्र लागला". तीन फेजला पुस्तकात 415 व्होल्ट लिहितात, पण मामानं जे खाल्लंय ते 440च. "आपलं रगतच थंड हाये, धरीतच न्हाई," तो भाकरी मोडत सांगतो आणि बिगारी त्याच्याकडं देवऋष्याकडं बघावं तसं बघत राहतात.

खरं कारण रक्तात नाही, मातीत आहे. आष्टी तालुका पर्जन्यछायेतला. वर्षातले बरेच महिने इथला मुरूम भाजलेला, कोरडा ठणठणीत. अशा जमिनीवर, कोरड्या रबरी स्लीपरमध्ये उभ्या माणसातून विजेला खाली उतरायला वाट फारशी सापडत नाही. दुष्काळानं या तालुक्याचं आणखी कुणाचं भलं केलं असेल तर माहीत नाही. मामाला मात्र त्यानं अंगात शक्ती असल्याचा लौकिक मिळवून दिला.

पण हीच जमीन दुसरीकडून दगा देते. मामानं अर्थिंग म्हणून हातभर सळई ठोकलीय. कोरड्या मुरमात तिचा रोध 50 ओहम धरला, आणि हे सळईला झुकतं माप झालं, तरी मिक्सरच्या बॉडीत फेज उतरल्यावर 230 व्होल्टला जेमतेम साडेचार अँपिअर जमिनीत जाणार. 16 अँपिअरचा एमसीबी त्याकडं ढुंकूनही बघत नाही. मिक्सर घरघरत राहतो, बॉडीत करंट तसाच, आणि पाणी मारून आलेला, अनवाणी, भिजलेला बिगारी त्याला टेकतो. त्याची जमीन कोरडी नसते. त्याचं रक्तही थंड नसतं. हाताखालची ही पोरं दर हंगामात नवी, कारण दसरा झाला की निम्मी माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांना मिक्सर कुठं चावतो हे सांगणारं जुनं माणूस साइटवर उरत नाही.

खड्डा घेऊन त्यात कोळसा-मीठ भरावं, वरून अधूनमधून पाणी घालावं, हे मामानं ऐकलेलं आहे. त्यावर तो जे म्हणतो ते ऐकून मला काही सुचलं नव्हतं : "एप्रिलात मान्सं टँकरच्या मागं पळत्यात. आन् म्या लोखंडाला पाणी पाजू?"

यंदा मात्र त्याच्या राज्यात बंडाळी झाली. सख्ख्या बहिणीचा पोरगा आयटीआयमधून तारतंत्री होऊन हाताखाली आला. सप्टेंबर 2022 मध्ये सुरू झालेल्या आष्टीच्या रेल्वेनं तो नगरला गेला आणि स्वतःच्या पैशानं एक आरसीसीबी घेऊन आला. जाणारा करंट आणि परत येणारा करंट यांचा हिशेब हे यंत्र सारखं जुळवत असतं. 30 मिलिअँपिअरची तफावत दिसली की क्षणात लाइन तोडतं. साध्या 60 वॅटच्या बल्बला जेवढा लागतो, त्याचा हा जवळपास नववा हिस्सा. सळई नावापुरती असली, तरी माणसातून गळणारा करंट त्याला कळतो.

पहिल्याच दिवशी ते सकाळी कटर लावताच पडलं. मग पाणी मारायच्या मोटरीनं पडलं. दुपारी डबक्यातून नेलेल्या, सात ठिकाणी टेप गुंडाळलेल्या वायरीनं पडलं. तिन्ही वेळा यंत्राचंच बरोबर होतं, आणि पोरगं तसं सांगतही होतं. पण त्या दिवशी स्लॅब होता. "मामा, माल आळतोय!" ठेकेदार वरून ओरडला. मजुरी देणारा त्या बाजूला, आणि या बाजूला कालचं पोरगं. मामानं दोन वायरी पिळल्या, यंत्र मधून काढलं आणि लाइन डायरेक्ट केली.

"मामा, आवं, कुणीतरी मरंल," पोरगं म्हणालं.

"काय व्हत न्हाई."

संध्याकाळी मामा ते यंत्र घेऊन बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेला. तिथून घेतलेलं नव्हतं, तरी काउंटरवर ठेवलं.

"खराब पीस हाये. सारखा पडतुया."

दुकानदारानं ते उलटंपालटं करून बघितलं. "मामा, पडतो म्हणूनच तर लोक घेत्यात."

मामानं थोडा विचार केला. "मग न पडणारा असंल तर दाव की."